सहा अंक ‘न उघडणारे’ आजोबा

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील गाळून, थोडक्यात):

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचं पाक्षिक ई-पत्र मी गेली तीन वर्षं काढते. नवी पुस्तकं, कार्यक्रम आणि एखाद-दुसरा लांब लेख असं त्याचं स्वरूप आहे. यादीत अकराशेच्या आसपास वाचक आहेत. आधी जीमेलवरून पाठवायचो, मग मेल पाठवणारी एक सेवा घेतली. त्या सेवेत प्रत्येक वाचकाच्या नावापुढे दिसतं, की त्याने अंक कधी उघडला, किती वेळा उघडला आणि कुठल्या लिंकवर क्लिक केलं. कार्यकारिणीच्या सांगण्यावरून सलग सहा अंक न उघडणाऱ्यांची नावं मी यादीतून काढली. आठवड्याभरात सत्तरीतले एक सभासद काउंटरवर येऊन म्हणाले, “माझा अंक का बंद केलात? मी तर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो.” मला काही बोलता आलं नाही. दुसरी गोष्ट त्याहून टोचते आहे. ओळखीच्या एका बाईंनी घटस्फोटाच्या कायद्यावरच्या पुस्तकाची लिंक चार वेळा उघडल्याचं मला दिसलं. आता त्या समोर आल्या की मीच नजर चुकवते. हे सगळं बंद करावं असं वाटतं. कार्यकारिणीचं म्हणणं, सगळेच करतात, आपण कोणाची माहिती विकत नाही, आणि देणगीदारांना दाखवायला आकडा तर हवाच. मी उगाच बाऊ करते आहे का? आणि मला येणाऱ्या मेलमध्येही हेच चालत असणार ना?

उत्तर:

आधी आजोबांकडे येऊ, कारण गाठ तिथेच आहे. पडद्यावर ‘उघडला नाही’ असं लिहिलेलं होतं आणि आजोबा ‘वाचतो’ म्हणत होते. तुम्ही दोघांपैकी पडद्याचं ऐकलंत. ते का चुकलं हे नीट समजून घ्या, म्हणजे कार्यकारिणीशी बोलताना तुमच्या हातात नुसती बोच राहणार नाही, कारणंही असतील.

मेल उघडल्याचं पाठवणाऱ्याला कळावं, अशी सोय मुळात ई-मेलमध्ये नाही. वाचल्याची पोच मागण्याची एक जुनी पद्धत आहे, पण ती उघडउघड आहे. मेल वाचणाऱ्याला विचारता येतं आणि तो नाही म्हणू शकतो. सेवा कंपन्यांना हा नकार नको असतो. म्हणून त्या अंकात, बहुधा अगदी तळाशी, एक चित्र ठेवतात. एक ठिपका रुंद, एक ठिपका उंच आणि पूर्ण पारदर्शक. अशी फाइल साधारण ४३ बाइटची असते, म्हणजे देवनागरीत ‘वाचनालयाचा नवा अंक’ एवढे शब्द लिहिले तरी याहून जास्त जागा लागते. हे चित्र मेलमध्ये नसतंच, ते सेवेच्या सर्व्हरवर असतं. मेलमध्ये फक्त त्याचा पत्ता असतो, आणि अकराशे वाचकांच्या अकराशे प्रतींत तो पत्ता वेगवेगळा असतो. मेल उघडला की वाचकाचं मेल अॅप ते चित्र आणायला जातं आणि सर्व्हरवर नोंद होते. अमुक क्रमांकाच्या वाचकाचं चित्र, अमुक वाजता, अमुक आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकावरून), अमुक अॅपने मागितलं. यालाच ट्रॅकिंग पिक्सेल म्हणतात.

म्हणजे तुमच्या पडद्यावरच्या ‘उघडला’ या शब्दाचा खरा अर्थ ‘चित्र मागितलं गेलं’ एवढाच आहे. वाचण्याशी त्याचा संबंध फार कच्चा आहे.

आजोबांच्या फोनवर मुलाने किंवा नातवाने ‘डेटा कमी जाईल’ म्हणून चित्रं आपोआप उघडणं बंद करून दिलं असेल, तर त्यांनी अंक दहा वेळा वाचला तरी तुमच्याकडे शून्यच दिसणार. ते संगणकावर थंडरबर्ड हे मेल अॅप वापरत असतील तरी तेच, कारण थंडरबर्ड बाहेरची चित्रं विचारल्याशिवाय आणत नाही. आउटलुकच्या संगणकावरच्या जुन्या आवृत्त्यांचाही मूळ रिवाज तोच. आणखी एक कारण आहे, आणि ते मराठी अंकांना खास जाचतं. जीमेल १०२ केबीच्या पुढचा मेल कापून टाकतं आणि खाली ‘पूर्ण मेसेज पाहा’ अशी लिंक देतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक अक्षर-खुणेला तीन लागतात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांचे तीन-तीन वेगळे. अडीच हजार शब्दांचा मराठी लेख एकटाच पन्नास केबीच्या आसपास जातो. असे दोन लेख पूर्णच्या पूर्ण अंकात टाकले आणि त्यावर सजावटीचा कोड चढला की अंक कापला जातो. पिक्सेल तळाशी असल्याने तो कापलेल्या भागात राहतो. वरचा अख्खा लेख मन लावून वाचून जो वाचक तिथेच थांबला, तो तुमच्या हिशेबात ‘न उघडणारा’ ठरतो. (अनसबस्क्राइबची लिंकही त्याच भागात जाते. ज्याला खरोखर बाहेर पडायचंय त्याला दारच दिसत नाही, आणि मग तो ‘स्पॅम’चं बटण दाबतो. ट्रॅकिंग ठेवा की काढा, अंक लहान करा. लेखाचे पहिले दोन-तीन परिच्छेद मेलमध्ये, बाकीचा वाचनालयाच्या वेबसाइटवर.)

उलट्या बाजूची चूक तर याहून मोठी आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये अॅपलने आयफोनच्या आयओएस १५ या प्रणालीबरोबर मेलसाठी एक संरक्षण आणलं. ते चालू असलं की अॅपलचे मधले सर्व्हर मेलमधली चित्रं आधीच आणून ठेवतात, मग वाचकाने तो मेल उघडो वा न उघडो. पाठवणाऱ्याला मात्र ‘उघडला’ असंच दिसतं. ज्याने वर्षभर तुमच्या अंकाकडे पाहिलेलं नाही असा आयफोनवाला सभासद तुमच्या यादीत नियमित वाचक म्हणून मिरवतो आणि आजोबांचं नाव कटतं. तुमच्या चाळणीने गहू खाली पाडले आणि खडे वर ठेवले, असं झालं असण्याची पुरेपूर शक्यता आहे.

तेव्हा कार्यकारिणीचा ‘आकडा हवा’ हा मुद्दा तपासताना पहिला प्रश्न हा, की सध्या तुमच्याकडे जो आहे तो आकडा नक्की कशाचा आहे?

आता त्या बाईंबद्दल. लिंकची नोंद पिक्सेलपेक्षा वेगळ्या रीतीने होते. तुम्ही अंकात पुस्तकाच्या पानाचा पत्ता देता, सेवा तो काढून त्या जागी स्वतःचा पत्ता घालते, आणि हाही प्रत्येक वाचकासाठी वेगळा. क्लिक आधी सेवेच्या सर्व्हरवर जातं, तिथे नोंद होते, आणि मग वाचक पुस्तकाच्या पानावर पोचतो. सगळं सेकंदाच्या आत. इथेही नोंद ‘बाईंची’ नसते, बाईंच्या प्रतीची असते. त्यांनी अंक बहिणीला पुढे पाठवला आणि बहिणीने तीन वेळा पाहिलं, तर ते बाईंच्याच नावावर चढतं. ऑफिसच्या मेलवर तर सुरक्षा तपासणारी यंत्रणा मेल आल्या आल्या स्वतःच सगळ्या लिंक उघडून पाहते. एका मिनिटात अंकातल्या सगळ्या लिंकवर क्लिक दिसलं तर तो माणूस नव्हे. म्हणजे तुम्हाला त्यांच्याबद्दल जे कळलं असं वाटतंय, ते त्यांच्याबद्दलचं नसेलही.

आणि असलं तरी, ते त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही. वाचनालयात पुस्तक घरी नेलं की त्याची नोंद होते. ती नोंद नेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत होते आणि काय लिहिलं गेलं ते त्यालाही माहीत असतं. पण सभासदाला एक दुसरीही मुभा असते, कपाटांच्या मधल्या बोळात उभं राहून एखादं पुस्तक चाळायचं, नावावर न घेता परत ठेवून द्यायचं. अवघड विषयांवरची पुस्तकं पुष्कळदा अशीच वाचली जातात. तुमच्या लिंकवरचं क्लिक हे ते बोळातलं चाळणं आहे, आणि सेवेने तिथे तुम्हाला न विचारता एक वही लावून ठेवली आहे. तुम्हाला जे अवघडलेपण वाटतं ते बाऊ नाही. वाचनालय चालवणाऱ्या माणसाला ते वाटायलाच हवं.

‘आपण विकत नाही’ हे खरं असेल, पण विकणं हा धोक्याचा एकच प्रकार झाला. ही नोंद तुमच्याकडे नाही, त्या सेवेच्या सर्व्हरवर आहे. खात्याचा पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे ते आधी मोजा. लहान संस्थांत अध्यक्ष, सचिव, मेल पाठवणारा स्वयंसेवक आणि मागच्या वर्षी सोडून गेलेला स्वयंसेवक अशा चौघांकडे एकच पासवर्ड असणं फार सर्रास आहे. त्यातला कोणीही आज त्या बाईंचं पान उघडू शकतो. त्यांच्या नात्यातलं कोणी कार्यकारिणीवर असेल तर? आयपी पत्त्यावरून वाचक ढोबळमानाने कुठल्या शहरात आहे हेही काही सेवा दाखवतात. जीमेल २०१३ च्या डिसेंबरपासून चित्रं गूगलच्या सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळे तिथे वाचकाचा आयपी झाकला जातो, पण उघडल्याची वेळ झाकली जात नाही. इतर काही अॅप चित्र थेट आणतात, तिथे दोन्ही जातात. घर सोडून माहेरी गेलेल्या बाईसाठी ‘अमुक शहरातून उघडला’ ही ओळ किती महागात पडू शकते, ते सांगायला नको.

हा नुसता तर्क नाही. २००६ मध्ये अमेरिकेत एचपी कंपनीच्या संचालक मंडळातल्या बातम्या कोण फोडतंय हे शोधायला कंपनीच्या तपास पथकाने एका महिला पत्रकाराला खोट्या नावाने मेल पाठवला. त्याच्या जोडपत्रात माग काढणारी युक्ती बसवलेली होती. ते प्रकरण अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीपर्यंत गेलं. २०१९ मध्ये सुपरह्यूमन या मेल अॅपवर टीकेची झोड उठली, कारण कोणी मेल कधी उघडला याच्या जोडीने कुठून उघडला हेही ते पाठवणाऱ्याला दाखवत होतं. कंपनीने ठिकाण दाखवणं बंद केलं. आणि २०१८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी व्यापारी याद्यांवरून येणारे मेल तपासले, तेव्हा सुमारे ३० टक्के मेल नुसते उघडल्यावर वाचकाचा ई-मेल पत्ता भलत्याच तिसऱ्या कंपन्यांकडे पोचत होता. ‘सगळेच करतात’ या वाक्यात हे सगळं येतं. वाचनालयाला त्या ‘सगळ्यां’त बसायचं आहे का, हे कार्यकारिणीला शांतपणे विचारा.

कायद्याचं थोडक्यात सांगते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्यानंतरचा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी, माहिती देऊन घ्यायची, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असायला हवं. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळायला हवी. ‘अंक हवा’ म्हणून पत्ता देणाऱ्याने ‘माझ्या क्लिकची नोंद ठेवा’ असं काही म्हटलेलं नसतं. तुमच्या यादीत गावचे, पण आता जर्मनीत किंवा आयर्लंडमध्ये असलेले वाचक असतील तर तिकडचा कायदा याहून कडक आहे. मेल उघडल्याची अशी गुपचूप नोंद स्पष्ट संमतीशिवाय चालणार नाही, हे युरोपातल्या डेटा-संरक्षण यंत्रणांच्या गटाने २००६ सालीच ठणकावून सांगितलं होतं.

तर, बंद करा. माझं मत स्पष्ट आहे. पण बंद करताना चार ठिकाणी घोटाळा होतो, तो टाळा.

मेलचिंपसारख्या सेवेत प्रत्येक अंक तयार करताना सेटिंग्जमध्ये ‘ट्रॅक ओपन्स’ आणि ‘ट्रॅक क्लिक्स’ अशा दोन वेगळ्या खुणा असतात. बहुतेक जण पहिली काढतात आणि दुसरी तशीच राहते. तुमच्या बाबतीत जास्त बोचरी दुसरीच आहे. शिवाय जुना अंक ‘कॉपी’ करून नवा बनवायची सवय असेल तर जुन्या अंकाच्या खुणाही सोबत येतात, म्हणून पहिले दोन-तीन अंक दर वेळी तपासा. काही सेवांच्या फुकट योजनेत क्लिकची नोंद बंदच करता येत नाही. तसं असेल तर सेवा बदला. गावात थोडं तांत्रिक जाणणारं कोणी असेल तर लिस्टमंक हा मुक्त प्रोग्राम आहे, बंगळुरूच्या कैलाश नाध यांनी बनवलेला. तो स्वतःच्या सर्व्हरवर चालतो, म्हणजे यादी दुसऱ्या कंपनीकडे जातच नाही. त्यात प्रायव्हसी विभागात एकेका वाचकाचा माग ठेवण्याचं बटण आहे, ते बंद ठेवा, आणि मेलच्या साच्यातली ‘ट्रॅकव्ह्यू’ ही खूण पुसून टाका. लिंकच्या शेवटी ‘अॅट ट्रॅकलिंक’ असं जोडलेलं असेल तर तेही काढा.

मग खात्री करा, आणि त्यासाठी सेवेच्या शब्दावर विसंबू नका. अंक स्वतःच्याच दोन वेगळ्या पत्त्यांवर पाठवा. दोन्ही मेल संगणकावर जीमेलमध्ये उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून ‘शो ओरिजिनल’ निवडा. मेलचा कच्चा मजकूर दिसेल. त्यात ‘आयएमजी’ ही इंग्रजी अक्षरं शोधा, चित्रांचे पत्ते तिथे असतात. रुंदी ‘एक’ शोधायला गेलात तर बहुधा सापडणार नाही, कारण कच्च्या मजकुरात ‘बरोबर’च्या चिन्हापुढे ‘३डी’ अशी भर पडलेली असते. कधी सगळा मजकूरच अगम्य अक्षरांचा दिसतो. तेव्हा चित्रांचा नाद सोडा, नुसती लिंक पाहा. मेलमधल्या एकाच पुस्तकाच्या लिंकवर उजवं क्लिक करून पत्ता कॉपी करा, दुसऱ्या खात्यातही तेच करा, आणि दोन्ही पत्ते वहीत एकाखाली एक ठेवून अक्षर-अक्षर जुळवा. तंतोतंत सारखे असतील तर ठीक. शेपटीत चार अक्षरं जरी वेगळी असतील तर माग अजून चालू आहे. फक्त अनसबस्क्राइबची लिंक वेगळी असणारच, तिला ती असावी लागते. (म्हणूनच वाचकांना एक ओळ लिहून ठेवा, की अंक पुढे पाठवताना शेवटची अनसबस्क्राइबची ओळ खोडा, नाहीतर समोरच्याने ती दाबली तर तुमचं नाव जाईल.)

बॅनर, बोधचिन्ह, पुस्तकांची मुखपृष्ठं ही चित्रंही कुठल्या तरी सर्व्हरवरूनच येतात. ती वाचनालयाच्या स्वतःच्या वेबसाइटवर ठेवा, सगळ्यांना एकच पत्ता, आणि जितकी कमी तितकी बरी.

शेवटचा घोटाळा म्हणजे जुनी नोंद. खुणा काढल्या की पुढची नोंद थांबते, मागच्या तीन वर्षांची तशीच बसून राहते. जुन्या अंकांचे अहवाल पुसायची सोय सेवेत शोधा, नसेल तर त्यांना लिहून मागा. ती कुठल्या एक्सेल फाइलमध्ये उतरवून कार्यकारिणीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली असेल तर तीही पुसायला लावा. आणि पासवर्ड बदला, त्याच दिवशी.

एक चूक मात्र करू नका. चिडून ‘सेवाच नको, पुन्हा जीमेलवरून पाठवू’ म्हणालात आणि पत्ते ‘टू’च्या रकान्यात पडले, तर अकराशे जणांचे पत्ते अकराशे जणांना दिसतील. पिक्सेलपेक्षा ते वाईट. शिवाय साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांनाच मेल जातो.

देणगीदारांचा आकडा. यादीत किती, या वर्षी नवे किती आले, किती बाहेर पडले, किती जणांनी अंकाला उत्तर लिहिलं, अंकात उल्लेख झालेल्या पुस्तकांपैकी किती पंधरा दिवसांत घरी नेली गेली. हे शेवटचं तुमच्या देवघेवीच्या नोंदीतून नावाशिवाय काढता येतं, आणि ‘ओपन रेट’पेक्षा, म्हणजे अंक उघडणाऱ्यांच्या टक्केवारीपेक्षा, ते कितीतरी बोलकं आहे. अंकामुळे वेबसाइटवर किती जण आले हे हवंच असेल, तर लिंकच्या शेवटी सगळ्यांसाठी एकच शेपूट लावा, ‘पत्र-अंक-७२’ असं काहीतरी. किती आले ते कळेल, कोण आलं ते कळणार नाही. कार्यकारिणीला तडजोड हवी असेल तर इथपर्यंत या, त्यापुढे नको.

यादी साफ ठेवण्याची काळजीही रास्त आहे, पण तिला पिक्सेल लागत नाही. बंद पडलेल्या पत्त्यावरून मेल परत येतो, तो पत्ता लगेच काढा. ‘मेलबॉक्स भरली’ म्हणून परत आला तर तीन-चार अंक थांबा. वर्षातून एकदा ‘अंक अजून हवा का? हवा असेल तर फक्त “हो” लिहून पाठवा’ असा छोटा मेल, महिन्याच्या अंतराने तीनदा, आणि त्याच मजकुराचा कागद वाचनालयाच्या फळ्यावर. तिन्ही वेळा उत्तर नाही आलं तरी अकराशेच्या यादीत ते नाव राहिल्याने फार बिघडत नाही. चुकून वाचक कापण्यापेक्षा न वाचणारा राहिलेला परवडतो.

पुढच्या अंकात वाचकांना हे सांगा. असं काही चालेल:

“आजवर हा अंक ज्या सेवेतून जात होता, ती सेवा अंक कोणी केव्हा उघडला आणि कोणत्या लिंकवर क्लिक केलं याची नोंद ठेवत होती. आम्ही आपल्याला हे आधी सांगितलं नव्हतं, त्याबद्दल दिलगीर आहोत. या अंकापासून ही नोंद बंद केली आहे आणि जुनी नोंद पुसली आहे. आमच्याकडे आता आपलं नाव आणि ई-मेल पत्ता एवढंच आहे. याच नोंदीच्या आधारे काहींचा अंक चुकून बंद झाला होता, तो पुन्हा सुरू केला आहे.”

जुनी नोंद खरोखर पुसल्याशिवाय ते वाक्य छापू नका. आणि काढलेली सगळी नावं परत घेताना, ज्यांनी स्वतः अनसबस्क्राइब केलं होतं ती त्यात मिसळू देऊ नका.

त्या बाईंना एकटीला गाठून काही सांगू नका. ‘मला दिसलं होतं, पण मी कोणाला बोलले नाही’ हे सांगून तुमचं मन हलकं होईल आणि त्यांचं जड. ते पुस्तक बाजूला काढून ठेवण्याची मदतही करू नका. अंकातली सूचना त्यांच्यापर्यंत पोचेल, तेवढं पुरे. वाचनालयाने कायदेशीर मदतीची माहिती द्यावी असं वाटत असेल तर जरूर द्या. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते, तालुका पातळीवर विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. ही चौकट पुढच्याच अंकात नको. दोन-तीन महिन्यांनी, सगळ्यांसाठी, दर अंकाच्या शेवटी कायमची ठेवा, आणि फळ्यावरही लावा. तिथे कोण वाचून गेलं हे कोणाला कळत नाही.

आता तुमच्या स्वतःच्या मेलबद्दल, कारण तिथेही हेच चालू आहे. संगणकावर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘सी ऑल सेटिंग्ज’, मग ‘जनरल’ या पानावर ‘इमेजेस’. तिथे ‘आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस’ निवडा आणि पानाच्या तळाशी जाऊन ‘सेव्ह चेंजेस’ दाबा. हे शेवटचं दाबायचं राहून जातं आणि सेटिंग लागत नाही. फोनच्या अॅपमध्ये आपल्या खात्याचं नाव निवडून त्याखाली ‘इमेजेस’ सापडेल. खाती दोन असतील तर दोन्हींत वेगळं करावं लागतं. आयफोनवर मेल अॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी प्रोटेक्शन’, तिथे ‘प्रोटेक्ट मेल अॅक्टिव्हिटी’ चालू करा. पण आयफोनवर जीमेलचं अॅप वापरत असाल तर हे संरक्षण तिथे लागू होत नाही, ते फक्त अॅपलच्या स्वतःच्या मेल अॅपसाठी आहे.

याची किंमत एवढीच, की रेल्वेच्या किंवा बँकेच्या मेलमध्ये चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतील. मजकूर पूर्ण दिसतो. चित्र पाहायचंच असेल तेव्हा त्या एका मेलपुरतं उघडा, पण त्या क्षणी पिक्सेलही उघडतो हे ध्यानात ठेवा. लिंकवरचा माग यातून थांबत नाही. दुकानाच्या मेलमधली लिंक दाबण्याऐवजी ब्राउझरमध्ये दुकानाचा पत्ता स्वतः टाइप करून गेलात तर थांबतो. आणि कधी नाव न ऐकलेल्याचा मेल असेल तर त्यातलं ‘अनसबस्क्राइब’ दाबू नका, पत्ता चालू असल्याची ती पोचपावती ठरते. त्याला सरळ स्पॅममध्ये टाका.

वाचनालयात एखाद्या शनिवारी तासभर बसून सभासदांना त्यांच्या फोनवर हे सेटिंग करून दाखवता येईल. आजोबांच्या फोनवर ते बहुधा आधीपासून केलेलं आहे. त्यांचा अंक सुरू करून द्यायला जाल तेव्हा विचारून पाहा, आणि तसं असेल तर शनिवारी त्यांनाच सोबत बसवा.